ऋणको हवा, फेडणारा नको

२० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डांच्या व्याजासंबंधीचा एक जुना वाद निकालात काढला. ज्या ग्राहकाला कार्डाचे बिल मुदतीत पूर्ण भरता आले नाही त्याच्याकडून वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी दिला होता. सोळा वर्षांनी तो रद्द झाला. व्याजाचा दर किती असावा हे पाहणे रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतले आहे, आयोगाच्या नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. रिझर्व्ह बँक अवाजवी व्याज घेऊ नका असा उपदेश बँकांना वेळोवेळी करीत आली आहे. आकडा मात्र तिने घालून दिलेला नाही. तेव्हा महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा भाव आता उजळ माथ्याने चालू राहील.

या निकालाची जी चर्चा झाली ती बिल थकविणाऱ्या ग्राहकापुरती झाली. जो ग्राहक दरमहा बिलाची पै न् पै चुकती करतो, त्याचा या वादाशी काय संबंध, असेच बहुतेकांना वाटले. वस्तुतः या धंद्याचे खरे स्वरूप समजून घ्यायचे असेल तर वेळेवर आणि पूर्ण फेडणाऱ्या ग्राहकाला कंपन्या कसे वागवितात हेच आधी पाहिले पाहिजे. सावकाराची नीती बुडव्याशी तो कसा वागतो यावरून कळत नाही. चोख माणसाशी तो कसा वागतो यावरून कळते.

कार्ड कंपन्यांच्या हिशेबात ग्राहकांचे तीन वर्ग असतात. पहिला, दरमहा पूर्ण रक्कम भरून मोकळा होणारा. दुसरा, थोडी रक्कम भरून उरलेली बाकी पुढच्या महिन्यावर ढकलणारा. तिसरा, खरेदीचे हप्ते बांधून घेणारा. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर व्याज चढते, पहिल्यावर चढत नाही. अमेरिकेत, जिथे १९५० साली डायनर्स क्लबने आणि १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने हा प्रकार सुरू केला, तिथे या धंद्यातली माणसे पूर्ण फेडणाऱ्या ग्राहकाला आपसात ‘डेडबीट’ म्हणत आली आहेत. या शब्दाचा मूळ अर्थ देणे बुडविणारा, फुकट्या. म्हणजे जो एक पैसाही बुडवीत नाही त्यालाच ‘बुडव्या’ ही पदवी! शब्दांची अशी उलटापालट गमतीने होत नसते. ज्याच्या घरी प्रामाणिकपणा हीच तूट धरली जाते, त्याच्याच तोंडी असा शब्द येतो.

तथापि ही तूट खरोखर होते काय? बिल आल्यापासून आणि खरेदीपासून मिळून पंचेचाळीस-पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत पूर्ण फेडणाऱ्याला मिळते, हे खरे. पण कार्डावर वस्तू विकणाऱ्या दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून सुमारे दोन टक्के आधीच कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. निगडीच्या एखाद्या कुटुंबाने महिन्याला दहा हजार रुपयांची खरेदी कार्डावर केली तर दुकानदारांचे दोनशे रुपये गेले. एक टक्का परतावा म्हणून ग्राहकाच्या हाती शंभर रुपये ठेवले तरी बाकीचे शंभर बँक आणि मधले भागीदार वाटून घेतात. शिवाय वार्षिक शुल्क वेगळे. म्हणजे पूर्ण फेडणारा ग्राहक फुकट्या नव्हे. तो बँकेला थोडा नफा मिळवून देतो, भरपूर मिळवून देत नाही, एवढाच त्याचा अपराध.

हा अपराध धुऊन काढण्यासाठी त्याच्या मागे जो लकडा लावला जातो तो प्रत्येक कार्डधारकाने अनुभवलेला आहे. बिलावर दोन आकडे येतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. दुसरा आकडा पहिल्याच्या शेजारी असा मांडलेला असतो की, तेवढेच भरले तरी चालते असे साध्या माणसाला वाटावे. वीस हजारांचे बिल आले की हप्ते बांधून देण्याचा निरोप त्याच दिवशी येतो. पूर्ण भरणाऱ्याची पत वाढली असे सांगून खर्चाची मर्यादा वाढवून देण्याचा आग्रह होतो. ग्राहकाच्या संमतीवाचून मर्यादा वाढवू नये असा नियम असल्यामुळे संमतीच मधाचे बोट लावून मिळविली जाते. खात्यातून बिल आपोआप वळते करून घेण्याची सोय असते. तीत पूर्ण रक्कम आणि किमान रक्कम असे दोन पर्याय असतात, आणि अर्ज भरताना घाईत कोणत्या पर्यायावर खूण झाली हे पुष्कळांना पहिले व्याज लागल्यावरच समजते. एवढे करूनही जो बधत नाही, त्याच्या परताव्याचे गुण घटविले जातात, सवलतींना वर्षाकाठी अमुक लाख खर्चाची अट घातली जाते, घरभाड्यावर आणि मर्यादेपलीकडच्या वीजबिलावर एक टक्का शुल्क बसविले जाते.

आता ही गोष्ट पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आणून पाहावी. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढे आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को आणि त्यांच्या आधाराने भोसरी-चिंचवडचे शेकडो छोटे कारखाने आले. या कारखान्यांतल्या कायम कामगाराने झगडून वेतनकरार मिळविले, निगडी-प्राधिकरणात घर बांधले, मुलांना शिकविले. दरमहा ठरल्या तारखेला पगार, त्यामुळे दरमहा ठरल्या तारखेला पूर्ण बिल, हे त्याला आणि त्याच्या संगणक-कंपनीत जाणाऱ्या मुलीला जमते. हा झाला पूर्ण फेडणारा.

१९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आला, त्यांच्या मागून आणखी पुष्कळ आले. पण त्यांच्या फाटकांतून आत जाणाऱ्या माणसांत कंत्राटी, प्रशिक्षणार्थी आणि ठरावीक मुदतीच्या कामगारांचा भरणा मोठा आहे. म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी येथल्या एकेका खोलीत चौघे-पाचजण राहतात; त्यांत मराठवाड्याचे, विदर्भाचे आहेत आणि बिहार-ओडिशाचेही आहेत. कंत्राट सहा-अकरा महिन्यांचे, ओव्हरटाइम कधी आहे कधी नाही. अशा तरुणालाही आज कार्ड मिळते, आणि कार्ड नाही मिळाले तर मोबाइलवर ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ मिळते. देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ च्या प्रारंभी दहा कोटींवर गेली, ती सगळी सुखवस्तूंच्या खिशात गेलेली नाही. हा तरुण पहिले तीन महिने पूर्ण बिल भरतो. चौथ्या महिन्यात गावी आई आजारी पडते किंवा कंत्राट संपते, आणि तो दुसऱ्या वर्गात जातो. कंपनी ज्याची वाट पाहत होती तो ग्राहक तिला मिळतो.

पुढचा हिशेब प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावा. बिल २०,००० रुपयांचे. त्याने किमान म्हणून १,००० भरले, बाकी १९,०००. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज ६६५ रुपये, त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर सुमारे १२० रुपये. पुढच्या महिन्यात त्याने पुन्हा १,००० भरले की त्यातले ७८५ व्याज आणि करात गेले. मुद्दल फिटले २१५. त्यानंतर त्याने कार्डावर काडीही घेतली नाही आणि दरमहा नेमाने हजार भरले, तरी ते १९,००० फिटायला सुमारे ३८ महिने लागतात आणि तो सुमारे ३८,००० रुपये मोजतो. तो जर दरमहा घटत जाणारी किमान रक्कमच भरत राहिला तर मुदत याहून कितीतरी लांबते. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस नाहीत. किराणा घेतल्या दिवसापासून त्यावर व्याज चालू.

पुणे जिल्ह्याला हा हिशेब नवा नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे ओढून काढून जाळली. त्या वेळच्या ऋणकोची मुख्य तक्रार अशी होती की, भरलेल्या पैशाची पावती मिळत नाही आणि कितीही भरले तरी खाते बंद होत नाही. सावकाराला मुद्दल परत नको होते. त्याला चालू खाते हवे होते, म्हणजे दरसाल पीक घरी येत राहील. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयांना खतामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला आणि सावकाराला पावती व हिशेब देणे भाग पाडले. दामदुपटीचा नियम तर त्याहून जुना: थकलेले व्याज मुद्दलापलीकडे एका वेळी वसूल करता येत नसे.

या परंपरेच्या उलट दिशेने बँकांचा कायदा गेला. १९८४ मध्ये बँकिंग विनियमन कायद्यात कलम २१अ आले: बँकेचा व्याजदर भारी आहे एवढ्या कारणावरून कोणत्याही न्यायालयाने तिचा ऋणकोशी झालेला व्यवहार पुन्हा उघडू नये. त्या वेळी मोठ्या बँका राष्ट्रीयीकृत होत्या आणि त्यांचे दर रिझर्व्ह बँक ठरवून देत असे. म्हणून त्या कलमाला काही अर्थ होता. पुढच्या दशकात बहुतेक दर मोकळे सोडण्यात आले, कलम मात्र राहिले. आज स्थिती अशी की, महाराष्ट्रातल्या परवानाधारक सावकाराने बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ नये असा दंडक शासनाने २०१४ मध्ये घालून दिला, आणि त्याच गल्लीत बँक ४२ टक्के घेते. सावकारी कायद्याने बांधली आणि बँकेने मोकळी केली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. कार्ड कोणी गळ्यात बांधत नाही. ज्याला पूर्ण भरता येते त्याने वापरावे, नसेल त्याने वापरू नये. यातला पहिला भाग योग्यच आहे. दरमहा पूर्ण भरणे हाच शहाणपणा, आणि कार्यकर्त्यांनी तो प्रत्येक कामगाराला सांगितला पाहिजे. परंतु एकेकाच्या शहाणपणावर हा प्रश्न सुटत नाही, कारण हा धंदा उभा आहे तो सर्वांनी शहाणे होऊ नये या अटीवर. उद्या सगळ्या कार्डधारकांनी पूर्ण भरले तर परतावे, फुकट विमानतळ-कक्ष आणि बिनव्याजी दिवस एका वर्षात आटतील. पूर्ण फेडणाऱ्याला मिळणाऱ्या परताव्याचा मोठा भाग दुकानदाराकडून येतो. दुकानदार तो किमतीत मिसळतो, आणि ती किंमत रोखीने डाळ-तांदूळ घेणाऱ्या घरकामगार बाईलाही मोजावी लागते. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये याचा अंदाज काढला: रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे पोहोचवते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला असे १,१३३ डॉलर मिळतात. उरलेला लाभ व्याजातून येतो, म्हणजे चाकणच्या खोलीतल्या त्या तरुणाच्या ७८५ रुपयांतून.

म्हणूनच आपण कंपनीवर मात केली असे समजणाऱ्या प्राधिकरणातल्या कायम कामगाराने थोडे थांबून विचार केला पाहिजे. त्याने मात केलेली नाही. एकाच कारखान्याच्या एकाच साखळीवर काम करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या खिशातून काढलेल्या पैशातला लहानसा वाटा दुसऱ्याच्या खिशात ठेवला जातो आणि मोठा वाटा तिसराच घेऊन जातो. कायम आणि कंत्राटी ही जी फूट फाटकाच्या आत मालकांनी पाडली, तीच फाटकाबाहेर कार्ड कंपनी पक्की करते.

शिवाय पूर्ण फेडणाऱ्याची जागाही पक्की नाही. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा एकेकाळी या पट्ट्यातला सर्वांत भरवशाचा मालक; त्या कारखान्यातही गेल्या दशकात पगार महिनोन् महिने थकले, आणि कामगारांची व इतर देणी भागविण्यासाठी अतिरिक्त जमीन विकण्याचा निर्णय डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाला घ्यावा लागला. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात कामगार सुमारे पन्नास दिवस कामाबाहेर राहिले. असा लढा द्यायचा तर दोन महिन्यांचे पोट आणि दोन महिन्यांचे भाडे हाताशी लागते. ज्याच्या डोक्यावर साडेतीन टक्क्यांनी रोज वाढणारी बाकी आहे, त्याचा हात मतदानात वर जाण्याआधी बिलाच्या तारखेकडे जातो. मालकाला न जमलेली शिस्त हप्ता लावून देतो. क्रेडिट कार्डाचा प्रश्न केवळ ग्राहक पंचायतीचा नसून कामगार संघटनेचा आहे, तो यासाठी.

फेडणाऱ्याचा मान राखणारी पतव्यवस्था अशक्य आहे, असेही नाही. ती या पट्ट्यात जुनी आहे. कारखान्या-कारखान्यांतल्या कामगारांच्या सहकारी पतसंस्थांत कर्जाचा हप्ता पगारातून वळता होतो, व्याज कार्डाच्या मानाने कितीतरी कमी असते, आणि वर्षअखेरीस शिल्लक राहिली तर ती लाभांशाच्या रूपाने सभासदांकडेच परत येते. तेथे वेळेवर फेडणारा सभासद हा संस्थेचा आधार ठरतो. त्याने फेडलेल्या पैशातून दुसऱ्याला कर्ज मिळते. या संस्थांतही नातलगांना कर्जे वाटणारे संचालक निघाले, काही संस्था बुडाल्या, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यांचा याहून मोठा दोष वेगळाच आहे. त्यांची दारे बहुतेक ठिकाणी कायम कामगारापुरतीच उघडी आहेत. ज्याला पतीची खरी निकड, तो कंत्राटी कामगार सभासद होऊ शकत नाही, आणि म्हणून तो कार्डवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. हा दोष बँकांचा नव्हे. तो चळवळीचा आहे आणि चळवळीनेच दूर केला पाहिजे.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. संसदेने कार्डावरील व्याजाला कमाल मर्यादा घालावी आणि कलम २१अ चा फेरविचार करावा. न्यायालयाने चेंडू रिझर्व्ह बँकेकडे टाकला असेल तर रिझर्व्ह बँकेनेही उपदेश सोडून आकडा सांगावा. कोणत्याही कार्डावर वसूल होणारे एकूण व्याज मुद्दलापलीकडे जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम बँकांनाही लागू व्हावा. बिल आपोआप वळते करण्याच्या सोयीत पूर्ण रक्कम हाच मूळ पर्याय असावा. किमान रक्कम भरल्यास फेडीला किती महिने लागतील आणि किती रुपये जातील, हे बिलावर मराठीत आणि देय रकमेइतक्याच मोठ्या अक्षरांत छापले जावे.

या मागण्या मान्य होईपर्यंत हाती असलेले हक्क तरी वापरले पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली घालून दिलेल्या नियमांनुसार न मागता कार्ड देता येत नाही. बाकी चुकती करून कार्ड बंद करण्याचा अर्ज केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावे लागते, नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. बिलाची तारीख बदलून मागण्याची सोयही ग्राहकाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे. कंत्राटदार ते वेळेवर देतो की नाही हे पाहणे आणि बिलाची तारीख पगारानंतर घेणे, ही दोन साधी कामे प्रत्येक शाखेला एका महिन्यात करता येतील. त्यांच्या जोडीला, पतसंस्थेच्या येत्या सर्वसाधारण सभेत कंत्राटी कामगारांना सभासदत्व देण्याचा ठराव मांडणे हे काम प्रत्येक कायम कामगार-कार्यकर्त्याचे आहे.

चाकणहून पिंपरीकडे येताना इंद्रायणी ओलांडावी लागते. त्याच नदीकाठी देहूत एका महाजनाच्या घरी दुष्काळानंतर कर्जखतांची वाटणी झाली, आणि तुकारामांनी आपल्या वाट्याची खते नदीत बुडविली, असे परंपरा सांगते. ते एका संताचे वैयक्तिक कर्तृत्व होते. बँकांकडून तशी अपेक्षा करण्याचा भाबडेपणा कोणी करणार नाही. मागणी याहून पुष्कळ लहान आहे. ज्याने घेतले त्याला ते फेडून मोकळे होता यावे, आणि मोकळे होणाऱ्याला कोणी बुडव्या म्हणू नये. एवढेही जी व्यवस्था सहन करू शकत नाही, ती पत देत नाही. ती माणसे बांधून ठेवते. ती बांधणी सोडविण्याचे काम फाटकाच्या आतल्या आणि बाहेरच्या कामगाराने एकत्र येऊनच करावे लागेल.